गुरुवारची फेरी

पहाटे साडेपाच. मँचेस्टर अजून ओलं आणि काळं.
पायरीवर बसून मी बूट चढवते,
आधी उजवा, मग डावा,
नाडी मात्र आधी डाव्याची.
बाबांनी असंच शिकवलं. का, ते विचारायचं राहून गेलं.

गळ्यात दुर्बीण, खिशात त्यांची यादी,
घडीवर घडी पडून कापडासारखी मऊ झालेली:
"एकशे अकरा खांब, हिंदा.
चर्चमागचा वाकडा आहे. तो तसाच असतो, घाबरू नकोस.
शाळेजवळ कुत्रा. त्याला नावानं हाक मार, ऑस्कर."
ऑस्कर जाऊन सहा वर्षं झाली.
त्या फाटकापाशी मी अजून हाक मारते.

या खांबावरून त्या खांबावर
मासे धरायच्या दोरीएवढी एक तार.
ती अखंड असली तर शब्बाथच्या दिवशी
ही सगळी वस्ती एक घर,
आणि घरातल्या घरात काहीही उचलून न्यावं:
किल्ली, रुमाल, रडकं मूल.
तुटली, की दुसऱ्या दिवशी मावळतीपासून
तान्ह्यांच्या आया घरी,
चाकाच्या खुर्चीतली म्हातारी माणसं घरी.

समोरच्या मिसेस हॅडफील्ड म्हणाल्या होत्या,
"कोंडून घेता तुम्ही स्वतःला."
तसं नाही. दोन खांब आणि वर आडवी तार
म्हणजे आमच्या शास्त्रात दाराची चौकट.
भिंत अशी कुठे नाहीच.
बारा मैल नुसत्या चौकटी,
आणि फळी एकीलाही नाही.
कुणीही यावं. कुणीही येतंच.

या वर्षी तेच जड जातं.
सिनेगॉगच्या फाटकावर वॉकीटॉकी घेतलेली पोरं,
मिसरूडही न फुटलेली.
झालमन मामा किप्पावर मळकी टोपी घालतो,
म्हणतो, थंडी आहे.
जूनमध्येही म्हणाला.
ब्रायनाने चौकटीवरची मजूझा काढून
आतल्या बाजूला लावली, आणि मग आठवडाभर
कुणाशी धड बोलली नाही.

चाळिसाव्या खांबापाशी एक गाडी हळू झाली.
काच खाली आली. आतून जे ओरडले
ते इथे लिहीत नाही.
गाडी गेली. मी चालत राहिले,
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
आणि लक्षात आलं की मधले खांब
मी पाहिलेच नाहीत, फक्त म्हटले.

मागे फिरावं लागलं.
त्याच फुटपाथवर, त्याच चिखलातून, जिथे ती काच खाली आली होती तिथवर.
गुडघे माझं ऐकेनात.
मान वर करून एकेक पाहिला.
चव्वेचाळीसवर तार लोंबत होती,
परवाच्या वाऱ्यानं तुटलेली,
टोकाला पावसाचा एक थेंब.

शफकत शिडीची गाडी घेऊन आला
तेव्हा नऊ वाजले होते.
मुलाचा डबा गाडीतच राहिलेला, म्हणून घाईत.
वर चढताना दर वेळी विचारतो तेच विचारलं,
"हे खरंच चालतं का हो?"
मी म्हटलं, मी चालते ना, मग चालतं.
तो वरून हसला. पक्कड मागितली.

बाबा म्हणायचे, देवाचे नियम पाठ करायचे नसतात,
त्यांना आमच्या भाषेत जे नाव आहे
त्याच्या पोटात चालणंच आहे.
रीत म्हणजे चाल. उभा राहिलास की विसरलास.
मला तेव्हा ते तोंडदेखलं वाटायचं.
अजूनही कधीकधी वाटतं,
विशेषतः नव्वदीच्या पुढे, चढावर,
जिथे टाच घासते.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांना निरोप जातो: तार शाबूत आहे.
तीनच शब्द. सही नाही.

शनिवारी मी दुर्बीण घरी ठेवते.
खांब मोजत नाही, म्हणजे न मोजायचा प्रयत्न करते.
ब्रायनाची सून बाबागाडी ढकलत जाते,
तिचं एक चाक कुरकुरतं.
घरी आई आहे, दार उघडायला कुणीतरी आहे,
तरी खिशात मी किल्ली घेते.
पावलागणिक वाजते ती.
तेवढ्यासाठीच घेते.