सात वर्षांची अशील

ऑस्वेगोच्या कोर्टात हीटर खडखडतो
आणि बाई उभ्या राहून म्हणतात, "माझ्या अशिलाची इच्छा अशी की..."
मी मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून.
कोणीच नाही.
अशील म्हणजे आमची वेरा.
सात वर्षांची, खालचा दात हलणारी,
बुटांच्या नाड्या अजून मला बांधायला लावणारी.

बाईंचं नाव लॉरेटा ड्रिस्कॉल. मुलीसाठी कोर्टानेच नेमलेल्या.
माणूस म्हणून वाईट नाहीत, असं माझा वकील म्हणतो.
तो सगळ्यांबद्दल असंच म्हणतो.
त्यांच्याकडे म्हणे अशी एकशे चाळीस मुलं आहेत,
प्रत्येक फायलीला एक रंगीत पट्टी.
वेराची हिरवी.

मी रात्री बर्फ हटवायचा ट्रक चालवतो.
सरोवरावरून वारा सुटला की सकाळपर्यंत कमरेएवढा साचतो.
रस्ता मोकळा करत पुढे जावं
आणि आरशात बघावं, तर मागे पुन्हा पांढरं.
बाई म्हणाल्या, "वडिलांच्या कामाच्या वेळा अनियमित."
खरंच आहे. बर्फ काही वेळापत्रक बघून पडत नाही.
नोरीनबद्दल म्हणाल्या, "आईच्या घरी माणसांची सारखी ये-जा."
तेही खरंच. तिला चार भाऊ आहेत.
त्या क्षणी, आठ महिन्यांत पहिल्यांदा,
नोरीनने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

मी वेराला काही विचारायचं नाही, असा नियम आहे.
काय बोललात, काय सांगितलंस, कुणाकडे राहायचंय,
यातलं एक अक्षर नाही.
मग शनिवारी आम्ही शेजारच्या कुत्र्यावर बोलतो.
प्रश्न तोंडाशी आला की मी पॅनकेकवर आणखी सिरप ओततो.
एकदा ती आपणहून म्हणाली,
"बाबा, मी त्या बाईंना सांगितलं की..."
आणि मी नळ सोडला.
भांडी घासत राहिलो, घासलेलीच.
वळलो तेव्हा ती खाली बसून नाड्या बांधत होती.
स्वतःच. चुकीची गाठ, पण घट्ट.

मार्चमध्ये बिल आलं. निम्मं माझं, निम्मं नोरीनचं.
माझ्या हिश्शाचं म्हणजे नऊ रात्रींचा ओव्हरटाइम.
फायलीचं वाचन : एक तास दहा मिनिटं.
आईच्या वकिलांशी फोन : अठ्ठेचाळीस मिनिटं.
वडिलांच्या वकिलांशी फोन : अकरा.
इथे मी पेनाने दोनदा रेघ ओढली.
अशिलाशी भेट : बावीस मिनिटं.
बावीस!
ट्रकच्या काचेवरचं बर्फ खरवडायलाच मला तेवढी लागतात.
रेघा ओढत खाली उतरलो,
तक्रार करायची वेळ आली तर असू देत म्हणून.

शेवटच्या पानावर, सहा फेब्रुवारी :
अशिलाचा दात पडला. भेट थांबवली.
कापूस, पाणी. दात पाकिटात घालून तिच्या हाती दिला.
सोळा मिनिटं. शुल्क नाही.

पेन तसंच धरून बसलो.
नवी फट मी पाहिली होती. वाटलं होतं, दात आईकडे पडला असेल.
नोरीनला फोन लावला. वकिलांना न विचारता लावलेला पहिला.
"वेराचा दात तुझ्याकडे आहे ना?"
ती म्हणाली, "म्हणजे? तुझ्याकडे नाही?"

दात उशीखाली ठेवतात आमच्याकडे,
रात्री परी येऊन नाणं ठेवून जाते.
कुणाच्या घरच्या उशीखाली ठेवू,
हे वेराने बाईंना विचारलंही असेल.
बिलात तसं काही नाही.

फोन दोघांनीही ठेवला नाही.
तिच्या बाजूला टीव्ही चालू होता, कुणी तरी भाऊ हसत होता.
इकडे खिडकीबाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती
आणि मला खरं तर कामावर निघायला उशीर होत होता.