बद्द

माठ घेताना आई बोट वाकवून त्यावर टकटक करायची.
खणकन वाजला तर घ्यायचा,
बद्द वाजला की पुढचा.
कुंभार रागवायचा नाही. त्यालाही ठाऊक असायचं.

तेवढ्या भांडवलावर मी
शिकागोत, डिअरबॉर्न रस्त्यावर, तेराव्या मजल्याच्या बाहेर
दोन दोरांना टांगलेल्या पाळण्यात उभी आहे
आणि एक इमारत वाजवून बघते आहे.
तशी पदवी आहे, परवाना आहे,
हेल्मेटवर नाव आहे: मृणाल.
झेनॉन ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणतो.

भाजलेली माती ही. दगड वाटावी म्हणून वर करडी झिलई.
एकशे बारा वर्षं खालून जाणाऱ्यांनी
तिला दगडच मानलं.
जवळ आलं की कळतं, आत पोकळ आहे,
पोकळीत लोखंडाचा आकडा, आकड्याला गंज.
गंज फुगतो. त्याला जागा लागते, एवढंच.

टण्. टण्. टण्.
टण्.
बद्द.
निळ्या खडूनं फुली.

झेनॉनला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं कामापुरतं.
तो एक तळहात मातीवर टेकवतो, मग मारतो.
"कानात बस शिरते," म्हणतो, "हातात नाही शिरत."

अकराव्यावर दंतवैद्य.
खुर्चीतला माणूस आ वासून आमच्याकडे बघतो आहे,
आणि डॉक्टरीण त्याच्या दाढेवर
टक, टक, टक.
आम्ही तिघंही क्षणभर थांबतो. मग आपापलं काम.

दहावा रिकामा. गालिच्यावर टेबलांचे चौकोन तेवढे राहिलेत.
पुढच्या वर्षी इथे फ्लॅट होतील.
जाहिरातीत 'ऐतिहासिक' हा शब्द
भाड्याच्या आकड्याला अगदी चिकटून छापलाय.

नवव्यावर सिंह. ओळीनं बावीस.
एकवीस खणखणीत.
सतरावा बद्द.
पुन्हा मारून बघितलं, हलकेच,
वाईट बातमी आपण दोनदा विचारतो तसं.
बद्द.
खाली बसथांब्यावर आठ माणसं, एक बाबागाडी.
फुली.

रात्री फोनवर आई म्हणाली, "कशी आहेस?"
"मजेत."
तिकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, "जेवलीस का?"
तिचा कान अजून तसाच आहे.

गुरुवारी सिंह उतरवला, पट्ट्यांनी बांधून,
दुखणाईताला जिन्यावरून नेतात तसा सावकाश.
पाठ उघडी पडली. कुणी कधी बघणार नाही अशी बाजू.
तिथे ओल्या मातीत रुतलेली चार बोटं, एक अंगठा,
साच्यात माती रेटणाऱ्या कुणाची तरी,
शनिवारच्या घाईची असावीत.
डावखुरा होता. किंवा होती.
मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला.
ढिला बसला.

अहवालात रकाने चार: क्रमांक, मजला, दिशा, दोष.
मी लिहिलं: सतरा, नऊ, पूर्व, तडा.

नवा सिंह फायबरचा आला. एकट्या माणसानं
काखेत मारून आणला.
त्याला वाजवायचं कसं? सगळाच बद्द,
आणि कागदोपत्री सगळाच ठीक.
एप्रिलमध्ये मी थांब्यावर उभी राहून मोजत गेले,
सतरावर आले, वाटलं, हाच.
मग आठवेना, डावीकडून मोजायचे की उजवीकडून.
बस आली.

जुना सिसेरोला आहे, झेनॉनच्या परसात.
फेकून द्या, असं मालकानं सांगितलं होतं;
ते त्यानं डाव्या कानानं ऐकलं.
तोंड जमिनीकडे, पाठ आभाळाकडे,
विटांवर उचलून ठेवलाय.
बोटांच्या खुणांवर आता खत-माती, तीत टोमॅटोचं रोप.
पाणी घातलं की थोड्या वेळानं
जबड्यातल्या तड्यातून टिपटिप गळतं.
तिथे खाली पुदिना लावायचा,
असं त्याची बायको ब्रोन्या म्हणते आहे.