शेवटी 'ट' हवा

हल शहरात, बंद पडलेल्या मासळीच्या दुकानावर
एक खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्यात,
खिडकीच्या फटीत ओव्हरकोट कोंबलाय,
तरी सीगल आत ऐकू येतातच.
दर गुरुवारी रॉडा स्केल्टन तिथे
कुणातरी विनोदवाल्याला बसवते
आणि त्याचा एक विनोद, एकच,
तासभर लसणासारखा सोलत राहते.
पॉडकास्ट तिचा. कात्री माझी.
रात्री मी खोकले कापते, खुर्चीची कुरकुर,
"म्हणजे कसं आहे" कापते,
आणि दोन सेकंदांहून लांब शांतता.
हा नियम माझाच. शांतता आली
की लोकांना फोन बिघडल्यासारखं वाटतं.

या आठवड्यात क्लिफर्ड थ्वेट, वय एकोणऐंशी.
कामगारांच्या क्लबात, बिंगोच्या दोन डावांमधे
उभा राहून, पाठमोऱ्या माणसांना
हसवत आलेला गडी.
त्याचा विनोद असा:

"बाबा बोटीवर निघाले.
आई म्हणाली, येताना पाव आणा.
एकेचाळीस वर्षं झाली,
अजून खाल्ला नाही आम्ही टोस्ट."

रॉडा हसली नाही. न हसणं तिचं काम.
पावच का?
आधी दूध होतं, तो म्हणाला. अख्खा हिवाळा दूध सांगितलं,
लोक हळहळायचे. दुधाने माणसं हळहळतात.
मग पाव आणला. पण पावावर थांबायचं नाही,
पावापासून टोस्टपर्यंतचं पाऊल
ऐकणाऱ्याला टाकू द्यायचं.
पूर्वी म्हणायचो, "टोस्ट खाल्ला नाही".
सगळा हशा त्या "नाही"वर सांडून जायचा.
शेवटी 'ट' हवा, दार आपटल्यासारखा.
दार आपटल्यावर बोलत बसायचं नसतं.

आणि एकेचाळीसच का?
चाळीस म्हटलं की भाषण वाटतं.
एकेचाळीस म्हणजे कुणीतरी मोजतंय.

खरी किती झाली?
अडुसष्ट.
अडुसष्टला कुणी हसत नाही. ग्रिम्सबीला करून बघितलंय.

म्हणजे, रॉडा म्हणाली, बाबा खरे?

इथे माझ्या पडद्यावर
एक सरळ रेघ.
टेकड्या संपून अचानक पाणी लागावं तशी.
अकरा सेकंद. मी तीनदा मोजले.

बाबा खरे, तो म्हणाला. बोट खरी.
पाव मी घातला.
त्या सकाळी आई त्यांच्याशी बोललीच नव्हती.
आदल्या रात्रीचं काहीतरी, कशावरून कोण जाणे,
दाराकडे पाठ करून ती कपबशा विसळत राहिली.
मी जिन्यावर, बुटाची नाडी बांधत.
पुढे वाटलं, बाईला काहीतरी
बोलायला द्यायला हवं.
म्हणून ते एक वाक्य.

तिने ऐकलं कधी?
एकदा. मागच्या टेबलावर, शँडी पीत.
हसली?
आठवत नाही. बसस्टॉपवर म्हणाली,
मी ब्राउन ब्रेड म्हटलं असतं.

मग घातलंत ब्राउन?
छे.
एक शब्द जास्त होतो.

इथे रॉडा हसली. शंभर भागांत पहिल्यांदा,
आणि मायक्रोफोनपासून लांब,
म्हणजे तिला ते काढून टाकायचं असणार.
ते मी ठेवलं.

रात्रीचे पावणेदोन. त्या रेघेवर कर्सर.
नियमाप्रमाणे नऊ सेकंद माझे.
हेडफोन दाबून ऐकलं: चौथ्याला नाकातला श्वास,
सहाव्याला चष्म्याची काडी मिटल्याचा आवाज,
आठव्याला छपरावर सीगल,
अगदी चुकीच्या जागी, कर्कश,
कुणी नवखा पोरगा मध्येच वाक्य तोडतो तसा.

रेघेला हात लावला नाही.
सीगल तेवढा काढला.
पुन्हा ऐकलं.

परत ठेवला.