दिली गेली

संत्र्याला सुई टोचून आम्ही इंजेक्शन शिकलो.
संत्रं तक्रार करत नाही.
पुतळ्याची शीर नेहमी सापडते.
आणि ‘औषध देताना चूक झाल्यास काय कराल?’
याला पाच गुण, पाच मुद्दे,
पहिला मुद्दा: ताबडतोब कळवणे.
मला पाचही मिळाले होते.

वॉर्डात मात्र दुसरंच काही अंगी लागत होतं.
कुणाचा आवाज कुठे खाली येतो.
कुठला कागद कुणाच्या उशीखाली जातो.
सायली धुरी आपणहून बोलली, सलाइन जोरात सोडलं म्हणाली,
तर सगळ्यांदेखत माफीनामा लिहून घेतला तिच्याकडून.
त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर
युनिफॉर्म वाळत घालताना
अख्खी बॅच गप्प होती.
पाठांतर चाललं होतं आमचं.

मग माझी पाळी.
परळ, फीमेल मेडिकल,
चाळीस खाटा, बासष्ट बायका.
बावीस जणी खाली, गाद्यांवर.
जमिनीला नंबर नसतो.
खाट नऊवर साबळे,
आणि नऊ-दहाच्या मधल्या गादीवर
त्याही साबळेच.
संध्याकाळची बीपीची गोळी हातात धरून
मी हाक मारली.
ओ खालून आली.

तासाभराने खालच्या साबळेबाई म्हणाल्या, गरगरतंय गं.
नव्वद-साठ.
माझेच हात गार.
खैरमोडे सिस्टर हळूच म्हणाल्या,
पाय उंच कर, पाणी पाज,
डॉक्टरांना अशक्तपणा म्हणून सांगू.
लिहू नकोस. लिहिलेलं राहतं.
बावीस वर्षांत त्यांनी
माझ्यासारख्या किती जणींवर पदर धरला असेल.
मला त्यांचा राग आला नाही.
अजून येत नाही.

पण तुस्कानो मॅडमनी पहिल्याच तासाला
फळ्यावर स्वतःची चूक लिहिली होती,
तारीख, वेळ, पेशंटचं वय,
आणि डस्टर न उचलता निघून गेल्या होत्या.
तेव्हा आम्ही खिदळलो होतो.
तो फळा आठवला.
पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

नंतर फॉर्म.
‘रुग्णास चुकून गोळी दिली गेली.’
मॅडमनी पेन्सिल ‘गेली’खाली टेकवली.
‘कुठे गेली?’

खोडलं. लिहिलं: मी गोळी दिली.
आणि शाळेतलं व्याकरण आडवं आलं.
मॅडम, हाही कर्मणीच प्रयोग.
क्रियापद गोळीच्या मागे जातं.
पेढा असता तर दिला, औषध असतं तर दिलं.
मी बाई की बाप्या, एक की दहा,
वाक्य विचारतच नाही.
मॅडम हसल्या नाहीत.
‘राहू दे. तेवढा आडोसा लागतो माणसाला.
आता लिही, का दिली.’

छापलेल्या रेघेत मावेना.
पाठीमागे लिहीत गेले:
दोन साबळे. बासष्ट बायका, आम्ही तिघी.
खाली नंबर नाही.
मनगटावरची पट्टी मी वाचली नाही.
वाचायला वाकावं लागलं असतं.

बाईंना सांगायला गेले तेव्हा
त्या चहात पाव बुडवून खात होत्या.
माझ्यामुळे झालं ते, म्हटलं, दुसऱ्या साबळ्यांची गोळी होती.
त्यांनी पाव गिळला.
‘अगं, मला वाटलं उपासानं गरगरतंय.
दोन सोमवार उगाच सोडले असते.’
मग जरा थांबून,
‘पुन्हा खाली बसून दे हो.’

ग्लव्हजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
मार्करने लिहिलं ९अ,
चिकटपट्टीने भिंतीला लावला, गादीच्या वर.
शुक्रवारी मोठा राउंड होता.
भिंत घाण दिसते म्हणून कुणीतरी काढला.
शनिवारी मी परत लावला.
खाली अजून एक होता, माझा नव्हे,
अक्षर खैरमोडे सिस्टरांसारखं:
१२अ.