सोवळ्यातलं पाणी

टाकी गळते म्हणून नेस्ताबाईंनी बोलावलं.
पॉविसच्या डोंगरात, मेंढ्यांच्या वाटेनं,
गाडीच्या टपावर शिडी, काचेवर गोठलेलं दव.

जिन्याखालच्या कपाटात उभी होती ती,
माणसाहून उंच, अंगावर फोमचा पिवळा थर.
पाठीशी टॉवेल वाळत घातलेले,
खाली जुन्या स्वेटरची घडी :
मार्चमध्ये अशक्त कोकरू तिथंच ठेवतात, म्हणाल्या.

"इद्वलनं बसवली. सत्तावीस वर्षं झाली.
मला एवढंच ठाऊक, स्टोव्ह पेटवायचा."

हात फिरवला.
वर चटका, मध्ये कोमट,
तळाशी विहिरीसारखं गार.
गरम पाणी हलकं, सायीसारखं वर धरतं;
ढवळायचं नाही, एवढंच पथ्य.
ओकची लाकडं, छपरावरचं चुकार ऊन,
मध्यरात्रीची स्वस्त वीज,
जो जे आणील ते ठेवून घेते,
कुणाचं किती, हिशेब नाही.

"आणि नळाला येतं ते हेच ना?"
नाही, बाई.
नळाचं पाणी रस्त्याखालून येतं,
तांब्याच्या वेटोळ्यातून ह्याच्या पोटातून जातं,
ह्याला न शिवता तापतं,
भाजू नये म्हणून जाता जाता विसण घेतं.
हे आतलं सोवळ्यात.
संध्याकाळी रेडिएटरांतून घरभर हिंडतं,
परत येतं.
तुमच्या अंगाला कधी लागलेलंच नाही.

त्या थांबल्या.
"म्हणजे इद्वलनं भरलं, तेच?"
थोडं वाफेनं उडतं. माळ्यावरची छोटी टाकी
तेवढी भर घालते.
बरंचसं तेच.

कॉक उघडला. पाइप अंगणात सोडला.
काळं पाणी, लोखंडाचा वास,
बर्फावर पडलं तशी वाफ उठली,
कुत्रं भुंकलं आणि मागे सरलं.
बाईंनी हातमोजा काढला,
धारेखाली हात धरला.
बराच वेळ.

मग आत जाऊन बादली आणली.
मी म्हटलं, ह्याचा काही उपयोग नाही,
गंजू नये म्हणून औषध घातलेलं असतं, झाडंसुद्धा मरतील.
"मला कुठं झाडांना घालायचंय," म्हणाल्या,
आणि बादली ठेवली धारेखाली.

नवी टाकी गुरुवारी येईल.
तोवर किटली.