बुटातले रुमाल

सत्तर मिनिटं रांगेत.
डोक्यावर फ्लोरिडाचं ऊन, माझ्या ओंजळीत
डेझचं वितळलेलं निळं आईस्क्रीम,
जे त्याला नको होतं
आणि टाकायचंही नव्हतं.

उंचीच्या पट्टीपाशी मात्र तो पास झाला.
लाकडी अस्वलाच्या पंजाला केस टेकले जेमतेम,
आणि गॅरेटनं त्याला टाळी दिली,
जणू टोलेडोहून इथवर आम्ही
त्या अर्ध्या इंचासाठीच गाडी हाकली होती.

मग पाळणा समोर आला, दांडा वर झाला,
आणि डेझ म्हणाला, नाही.
आधी हळू.
मग तळ्यापलीकडच्या बदकांनाही कळेल असं.
बसला, आडवा झाला, टाचा आपटल्या,
"लोरेन, तू जा! लोरेन, जा!"

आई म्हणायची सक्ती नाही, हे आमचं ठरलेलंच.
पण भर गर्दीत नुसतं नाव
इतकं उघडं पडतं
हे ठरवताना सुचलं नव्हतं.

मागच्या बाई म्हणाल्या, "दमलाय हो तुमचा मुलगा."
माझा नाही, असं मी म्हणाले नाही.
माझा, असंही नाही.
फळीसारखा ताठ झालेला तो
काखेत मारला आणि निघाले.
गॅरेट नि मारेन वर गेले,
तिकिटं काही परत होत नव्हती.

मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या,
समुपदेशक म्हणाली होती.
आले.
चष्म्यावर लाथ बसली.
त्याच्या भावनेला नाव द्या, म्हणाली होती.
माझ्याच भावनेला जे नाव सुचत होतं
ते लहान मुलांसमोर घेण्याजोगं नव्हतं.

शेवटी कचरापेटीशेजारच्या बाकावर
हुंदका अर्धा टाकून तो झोपला.
बूट काढले, तर आतून निघाले
सकाळच्या पॅनकेकवाल्याकडचे कागदी रुमाल,
आठ घड्या, कोपऱ्याला कोपरा,
टाचेच्या आकाराचे.

पाच वर्षांच्या बोटांची ही घडी नव्हे.
मार्चपासून माझ्याशी फक्त "हं" बोलणारी एक मुलगी
आपले मोजे अशाच घड्या घालून ठेवते.
मोटेलचं न्हाणीघर आठवलं: दार बंद, नळ सोडलेला,
आणि आत दोघांचं खुसखुस हसणं.
मी बाहेरून ओरडले होते, पाणी वाया घालवू नका.

ती दोघं परतली.
मारेननं आधी बूट पाहिले, मग मला.
"काय झालं होतं याला?" गॅरेटनं विचारलं.
"ऊन," मी म्हणाले.
पर्समध्ये ओलसर रुमाल
मुठीत घट्ट धरून.

ती बाकावर बसली, मधे एक माणूस मावेल
एवढी जागा सोडून.
हातातला प्रेट्झेल मोडला आणि माझ्याकडे न बघताच
अर्धा पुढे केला.
खारट होता, भलताच.
मिठाची गुळणी धरून बसलो दोघी.

तेवढ्यात डेझ उठला,
बुटात पाय घातला, चार पावलं चालला, थबकला,
ओठ थरथरायला लागले.
"माझे बूट," तो म्हणाला,
"मोठे झाले."