घट किती

तांबट लेनमध्ये दुपारी ठोके थांबतात
तेव्हाही दादांच्या कानात ते चालूच असतात.
म्हणून मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलते,
अगदी रेणूंविषयीसुद्धा.

काल ते पहिल्यांदाच कॉलेज रोडला आले, माझ्या प्रयोगशाळेत.
गांगुर्डे मामांनी स्टूल पुसून दिलं.
दादा बसले नाहीत. ओव्हनवर हात ठेवून म्हणाले,
भट्टी तशी गारच की तुमची.

एकशे दहा अंश, दादा. अठरा तास.
तांब्याचा क्षार, एक आम्ल, थोडं अल्कोहोल,
घट्ट झाकणाच्या पोलादी डबीत.
हातोडा कुणी मारत नाही.
तांब्याचे अणू जोडीजोडीनं उभे राहतात,
आम्लाचे दांडे त्यांना धरून ठेवतात,
आणि मधे नुसत्या खोल्या.
धुळीच्या कणालाही शिरता येऊ नये इतक्या लहान,
आणि इतक्या, की ही मूठभर निळी पूड उलगडली
तर गोल्फ क्लबचं मैदान झाकलं जाईल.

त्यांनी बाटली उजेडात धरली. कानाशी हलवली.
एवढं पोकळ, मग वाजत कसं नाही?

मी पुढे सांगत राहिले.
खोल्यांत आधी पाणी बसलेलं असतं,
थेट तांब्याच्या उंबऱ्याशी.
ते निर्वातात तापवून काढायचं. रात्रभर पंप घरघरतो.
निळा रंग गडद होत जांभळ्याकडे झुकला
की समजायचं, तांबं उघडं पडलं.
मग बाहेरचा रेणू येतो, तिथे टेकतो,
एक बंध सैलावतो, दुसरा जुळतो,
निघताना तो वेगळाच कुणी असतो.
तांबं होतं तिथेच.

म्हणजे कल्हई काढलीस.

मी गप्प.
चार वर्षं सेमिनारमध्ये फळा भरतेय मी.

त्यांचा जन्म गेला तांब्याची खोड मोडण्यात:
नवसागराचा धूर, कथलाची कांडी, कापसाचा बोळा,
कुणाचं ताक कळकू नये म्हणून.
मी तीच खोड जपतेय, काचेच्या बाटलीत.
शिष्यवृत्ती घेऊन ताक कळकवतेय.

गेल्या श्रावणात झाकण सैल राहिलं
तर आठवड्याची मेहनत फिकी पडली.
हवेतलं पाणी परत येऊन बसलं
जुन्या भाडेकरूसारखं.
हेही सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी अभिक्रिया संपली.
गाळलं, धुतलं, वाळवलं, काट्यावर ठेवलं.
काय तयार झालं ते दादांनी विचारलं नाही,
छापून कधी येणार तेही नाही.
काट्याच्या काचेशी वाकून म्हणाले,
घट किती?

शंभर मिलिग्रॅम टाकली होती, दादा.
सत्त्याण्णव आली परत.
तीन असेल या गाळणकागदाला चिकटलेली.

कागद मी बादलीकडे नेत होते.
त्यांनी मनगट धरलं.
चुरा कुणी टाकतं का?

गांगुर्डे मामा रिकामी बाटली शोधायला लागले.